शे. बा. खु. १

"तिथला कोन उचलायचा नाय," बापूकाका म्हणाले.

"का?"

"फरशी हलतीय."

काल त्यांनी सांगितलं होतं की खाली पाण्याचा व्हॉल्व्ह आहे. परवा म्हणाले, तिथं करंट येतो. त्याच्या आधी कधीतरी मुंग्या निघाल्या होत्या. अकरा दिवसांत दोन बाय दोनच्या एका शहाबादी फरशीखाली व्हॉल्व्ह, वीज, मुंग्या आणि आता भूकंप एवढं सगळं गोळा झालं होतं. सकाळचे सहा वाजले होते. मी म्हशीवर बसलो होतो आणि वाद घालण्याइतका जागा नव्हतो. त्या केशरी कोनाला वळसा घालून पुढे गेलो.

म्हैस म्हणजे यंत्र. कागदोपत्री तिचं नाव 'स्वयंचलित उच्चदाब फरशी धुलाई वाहन' असं होतं, पण नगरपरिषदेत एवढं बोलायला वेळ असलेला माणूस रजेवर होता. ती काळी होती, रुंद होती, पोटात सहाशे लिटर पाणी घेऊन ताशी चार किलोमीटरनं चालायची आणि मध्येच कुठेही उभी राहायची. म्हणून म्हैस. पोटाखाली दोन गोल फिरणारे फवारे, मागे गुंडाळलेला लांब पाइप आणि पाइपाच्या टोकाला बंदुकीसारखी गन. पाण्याचा मारा असा की डांबराचा थेंबसुद्धा उडायचा. मागे घेताना तिच्यातून एक बाई कुठल्यातरी परक्या भाषेत काहीतरी बोलायची. पहिल्या दिवशी ते ऐकून बापूकाका म्हणाले होते, "कायतरी मागतीय बिचारी."

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. मेकॅनिकलचा डिप्लोमा झाला होता आणि त्या डिप्लोमावर जगात कुठेही म्हैस चालवता येते असं कळलं होतं. मी यंत्राबरोबर ठेकेदाराकडून आलो होतो. मदतनीस म्हणून नगरपरिषदेनं बापू खुडे दिले. सफाई खात्यातले सगळ्यात जुने, सहा महिन्यांनी निवृत्त होणारे. गमबूट, खराटा आणि डोक्याला बांधलेला पंचा अशा थाटात ते म्हशीच्या पुढे चालायचे आणि दगड, नारळाच्या शेंड्या, झोपलेली कुत्री बाजूला करायचे. मला 'इंजिनेर' म्हणायचे. त्यात मान किती आणि टोमणा किती, ते मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

काम होतं सिदोबाच्या देवळापुढचं पटांगण. स्वच्छतेची पाहणी करायला वरून समिती येणार होती, आणि गावात दाखवण्यासारखं दुसरं काही नव्हतं. पटांगण अर्धा एकर. त्यावर तीसेक वर्षांचं तेल, गुलाल, केळीच्या साली, पानाच्या पिचकाऱ्या आणि माती यांचा मिळून एक थर झालेला. आम्ही रोज पहाटे पाचला सुरू करायचो. माझ्या हातांना मुंग्या आलेल्या असायच्या, कानात दिवसभर पंप वाजायचा. घरी जेवताना आईनं भाजी वाढू का विचारलं की मी "मागे घ्या, मागे घ्या" म्हणायचो.

कोन होता देवळाच्या महाद्वाराच्या उजवीकडे, चपलांच्या स्टँडपुढे. रस्त्यावर खड्डा असला की ठेवतात तसला केशरी, प्लॅस्टिकचा. बापूकाकांनी तो पहिल्याच दिवशी तिथं ठेवला आणि जणू जन्मापासून तिथंच आहे असं तोंड केलं.

मी थट्टा करायचो. थट्टा करणं हा माझा स्वभाव होता, आणि पहाटे पाचला तर तो एकच स्वभाव जागा असायचा.

"काका, खाली सोन्याची घागर पुरलीय का?"

"तू पुढं बघ."

"निम्मी मला द्या. कुणाला नाही सांगणार."

"तू?" काका म्हणायचे. "तुझ्या पोटात चहा राहत नाय."

सहाव्या दिवशी मी त्या कोनावर जास्वंदीचं फूल ठेवलं आणि थोडं कुंकू लावलं. नाष्टा करून आलो तोवर कुणीतरी उदबत्ती लावली होती. दुपारी बारापर्यंत दोन नारळ आणि एक केळ्यांचा घड आला. एका आजींनी मला विचारलं, हा कुठला देव? मी म्हणालो, वाहतुकीचा. त्यांनी नातवाला नमस्कार करायला लावला, त्याला नवी मोटारसायकल घेतली होती. मी कोनाचा फोटो काढून सफाई खात्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'कोनेश्वर प्रसन्न.' मुकादमापासून घंटागाडीवाल्यापर्यंत सगळे हसले. बापूकाकाही ग्रुपवर होते. नारळ त्यांनी देवळात नेऊन दिले, केळी कामगारांना वाटली. फूल मात्र उचललं नाही. ते तिथंच सुकलं.

बाराव्या दिवशी समिती येणार होती. अकरा वाजता.

सकाळी आठला उबाळे साहेब आले. उबाळे म्हणजे स्वच्छता निरीक्षक. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात पांढरे बूट. हे खातं आणि हे बूट, या दोन गोष्टी एका माणसाच्या वाट्याला कशा आल्या ते देव जाणे. त्यांना दोन रात्री झोप नव्हती आणि त्यांनी आम्हाला तसं सात वेळा सांगितलं.

"बापू, तू वेशीच्या कमानीपाशी जाऊन उभा राहा. गाडी दिसली की मला फोन कर. मंदार, तू सगळं दहाच्या आत संपव. स्टँडपर्यंतचं पटांगण आरशासारखं पाहिजे. स्टँडच्या पलीकडचं राहू दे, तिकडे कनात बांधतोय."

"साहेब, मी इथंच थांबतो," काका म्हणाले. "कमानीला शिंदेला पाठवा."

"शिंद्याच्या तोंडाला वास येतो. तू जा."

काका खराटा भिंतीला टेकवून निघाले. दहा पावलं गेले आणि परत फिरले. म्हशीच्या पंपाचा आवाज चालू होता, म्हणून अगदी कानाशी येऊन बोलले.

"कोन तेवढा राहू दे, इंजिनेर."

"हो."

"नक्की?"

"हो काका."

मी सगळ्यांनाच हो म्हणतो. त्यात वेळ वाचतो.

पावणेदहाला पटांगण झालं. खरंच चांगलं दिसत होतं. फरशीला निळसर रंग असतो हे गावाला पहिल्यांदा कळलं. दर्शनाला आलेली माणसं काठावर थांबून आत पाय टाकावा की नाही याचा विचार करत होती. एका माणसानं चपला काढून हातात घेतल्या आणि पटांगणाच्या कडेकडेनं गेला. त्या सगळ्या निळसर फरशीवर मध्येच एक केशरी कोन आणि त्याच्याभोवती हातभर काळा चौकोन उरला होता.

"ते काय आहे?" उबाळेंनी विचारलं.

"फरशी हलते साहेब."

उबाळे गेले, बुटानं कोन ढकलला आणि फरशीवर उभे राहून दोनदा उडी मारली. फरशी हलली नाही. करंट आला नाही. मुंग्या तर नव्हत्याच. कोनाखाली पिवळ्या रंगात लिहिलं होतं:

शे. बा. खु. १

विजेच्या खांबांवर नगरपरिषद नंबर टाकते ना, तसलं. तोच पिवळा, तसलंच वळण.

"व्हॉल्व्हचा जुना नंबर दिसतोय," मी म्हणालो.

"आता तिथं व्हॉल्व्ह आहे का?"

"नाही."

"मग काढ ते. फोटोत फार घाण दिसतं."

मी गन घेतली. आता खरं सांगायचं तर मला आनंद झाला. अकरा दिवस एक डाग माझ्या हातून राहिला होता, आणि या धंद्यात राहिलेला डाग दातात अडकलेल्या सुपारीसारखा असतो. पण रंग काही सुटेना. साधा रंग असता तर एका फटक्यात गेला असता. हा थरावर थर होता. वरचा पिवळा निघाला की खाली जरा फिका पिवळा, त्याखाली गडद, पुन्हा फिका. मी टोकाचा नोझल बदलला, धार बारीक केली, गुडघ्यावर बसलो. पाच मिनिटं लागली. पिवळे पापुद्रे पाण्याबरोबर नाचत गटाराकडे गेले. शेवटी 'खु'चा उकार राहिला होता, तो मी खास वेळ देऊन काढला.

रोजच्या अहवालासाठी आम्हाला 'आधी' आणि 'नंतर' असे दोन फोटो काढावे लागायचे. 'आधी'चा गन उचलण्याआधीच काढला होता, 'नंतर'चा आता काढला. साहेबांना पाठवले. मग ग्रुपवर पण टाकले. खाली लिहिलं, 'अखेर कोनेश्वराचं विसर्जन. पुढच्या वर्षी लवकर या.'

चार जण हसले. मग पाचवा हसला.

वीस मिनिटांनी बापूकाका आले. कमानीपासून देवळापर्यंत दीड किलोमीटर आहे, त्यात चढ आहे. गमबूट घालून ते अर्धे चालत अर्धे पळत आले असावेत, कारण पंचा सुटून खांद्यावर आला होता. मी म्हशीवरून ओरडलो, "काका, गाडी आली का?"

ते माझ्याकडे आले नाहीत. सरळ त्या फरशीपाशी गेले. उकिडवे बसले. ओल्या फरशीवर तळवा ठेवला आणि अंधारात चष्मा शोधावा तसा फिरवला.

मी पंप बंद केला. बारा दिवसांत पहिल्यांदा तिथं शांतता झाली.

"चांगली निघाली," काका म्हणाले. "कायसुद्धा ठेवलं नायस."

"काका, साहेब म्हणाले..."

"तुझं काम चोख असतंय. मी सांगतो की सगळ्यांना."

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी खाली उतरून त्यांच्याशेजारी बसलो.

"काय होतं ते?"

"शेवंता बापू खुडे."

मला एकदम काही कळलं नाही. मी मूर्खासारखं विचारलं, "आणि एक?"

"नंबर टाकल्याबिगर सरकारी वाटत नाय," काका म्हणाले.

मग ते फरशीकडे बघतच बोलले. शेवंता त्यांची बायको. बावीस वर्षं हे पटांगण तिनं झाडलं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, जत्रेत दहादा. नऊ वर्षांपूर्वी काविळीनं गेली. देवळाच्या आत, गाभाऱ्यासमोर संगमरवरी फरश्यांवर लोकांची नावं कोरलेली आहेत. अमुक यांच्या स्मरणार्थ, तमुक परिवार. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांची धूळ नावाला लागावी, म्हणून तशी नावं घालतात.

"ती म्हणायची, इतकी वर्षं ही धूळ मी हाकलली. मेल्यावर जरा माझ्यावर बसू द्या."

"मग आत नाव घालायचं होतं ना."

"अर्ज केलाय. विचाराधीन हाय."

"कधी केला?"

"नऊ वर्षं झाली." काकांनी पंचा डोक्याला परत बांधायला घेतला. "नंतर म्हटलं, बरंच झालं. आतल्या फरश्यांवर कोण पाय देतंय? नाव दिसलं की माणसं बाजूनं जात्यात. पाप लागतंय म्हणून. वर बारा महिने सतरंजी टाकलेली, ती वेगळीच. हितं बघ. हितं चपला काढत्यात. चप्पल काढली की पयला उघडा पाय कुठं पडतो? ह्या फरशीवर. तिनंच दाखवलं होतं मला, सगळ्यात जास्त धूळ हितं असती म्हणून. नाव लिहिलं असतं तर चुकवलं असतं लोकांनी. नंबर कोण चुकवतंय? म्हणून नंबर घातला. दर दसऱ्याला एक हात मारायचो."

पिवळा, फिका, गडद, फिका. मी मोजले नव्हते, पण नऊ असणार.

"मला सांगायचं ना काका. पहिल्याच दिवशी सांगायचं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. दमलेला माणूस पायरी किती उंच आहे ते बघतो तसं.

"तुला सांगितलं असतं तर तू त्याचा जोक केला असतास, लेका," ते म्हणाले. "समद्या गावाला ठावकी झालं असतं."

माझ्या खिशात फोन वाजला. ग्रुपवर सहावा माणूस हसला होता.

दसऱ्याला पाच महिने होते. मी म्हणालो, आत्ता रंग आणतो. काका म्हणाले, ओल्या दगडावर रंग धरत नाही, आणि साहेब आता त्या फरशीकडे रोज बघणार. ते बरोबर होतं. मी उठलो. काय करणार होतो ते मला उठताना माहीत नव्हतं, एवढं नक्की सांगतो. स्टँडच्या पलीकडे, कनात बांधायची होती तिथं, न धुतलेलं पटांगण होतं. कोळशासारखं काळं. कनातवाला अजून आलेला नव्हता. टाकीच्या काट्यावर बघितलं तर पाणी तळाला गेलेलं, भरायला तासभर लागला असता.

मी म्हैस तिकडे वळवली. एक फवारा बंद केला, एकच ठेवला, आणि सरळ रेषेत चालवली. मागे काळ्यावर वीतभर रुंदीचा निळसर पांढरा पट्टा उमटत गेला. बारा फूट. उभ्या आयुष्यात मी इतकी सरळ गाडी चालवलेली नाही. मग म्हैस मागे घेतली, ती बाई काहीतरी मागत राहिली, आणि मी गन हातात घेऊन उतरलो.

"काय करतोयस?" काका उठून आले.

"शिरोरेषा झाली. आता अक्षरं काढतो."

बारीक धारेनं काळ्या फरशीवर लिहिणं पाटीवर लिहिण्यासारखं असतं. फक्त पेन्सिल आपल्याला मागे ढकलत असते. 'शे' काढला, पुरुषभर उंच. मात्रा जरा जाड झाली. 'व' काढला, त्यावर अनुस्वार, ताटाएवढा.

"तिला लिहिता येत होतं का काका?"

"अंगठा लावायची. हजेरीपटावर मुकादम नाव वाचून दाखवायचा तिला. मग म्हणायची, केवढं बारीक लिवलंय माझं नाव."

'ता'च्या शेवटच्या कान्याला पंप खोकला. मी खाली येत होतो आणि धार कमी होत होती. कान्याचं शेपूट अर्धं राहिलं आणि पाणी संपलं. गनमधून एक थेंब माझ्या बुटावर पडला.

बारा फूट लांब आणि सहा फूट उंच. शेवंता. काळ्यात पांढरी.

काका काठावर उभे होते. तेवढ्यात दोन बायका फुलांच्या परड्या घेऊन आल्या. अक्षरं बघून थबकल्या, आणि साड्या आवरून, अक्षरांना अजिबात पाय न लावता, लांबून वळसा घालून गेल्या. एकीनं तर हात जोडले.

"बघितलंस?" काका हळू म्हणाले. "चुकवतायत."

मी गन हातात धरून तसाच उभा राहिलो. माझ्या आयुष्यात एवढ्या मोठ्या अक्षरांत मी कधी चूक केली नव्हती.

"ऱ्हाऊ दे," काका म्हणाले. "तू केलंस ना तिच्यासाठी. ऱ्हाऊ दे."

तेवढ्यात उबाळे साहेब आले. आधी त्यांना वाटलं, स्वच्छतेचं घोषवाक्य आहे. मग त्यांनी वाचलं.

"ही कोण शेवंता?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी गनकडे.

"पूस ते!"

"साहेब, घाण असती तर पुसली असती," मी म्हणालो. "हे स्वच्छ आहे. स्वच्छ कसं पुसायचं?"

प्रश्न खात्याच्या कक्षेबाहेरचा होता.

"आजूबाजूचं सगळं धू. म्हणजे दिसणार नाही."

"तीन तास लागतील. टाकीत पाणी नाही."

"मग घाण कर! एवढं गाव आहे, थोडी घाण मिळत नाही?"

"घाण आहे साहेब, माणसं नाहीत. सगळे सफाईवर आहेत."

उबाळेंनी पांढऱ्या बुटानं 'व'चं पोट घासून पाहिलं. बूट काळा झाला. 'व' होता तसाच. कनातवाल्याला फोन लावला तर तो म्हणाला, उद्या ठरलं होतं ना? तेवढ्यात साहेबांचा दुसरा फोन वाजला. गाडी कमानीतून आत आली होती. कमानीपाशी कुणीच नव्हतं, म्हणून समितीनंच फोन करून देवळाचा रस्ता विचारला.

उबाळेंनी चारही बाजूंना बघितलं. त्यांची नजर चपलांच्या लोखंडी स्टँडवर थांबली.

"उचला तो," ते म्हणाले. "ठेवा ह्याच्यावर."

मी, बापूकाका आणि फुलवाल्याचा भाऊ अशा तिघांनी तो स्टँड उचलला. चौदा फूट लांबीचा, पण रुंदीला जेमतेम तीन फूट. साहेब "अजून पुढे, अजून पुढे" म्हणत होते. आम्ही तो ठेवला आणि मागे सरलो. शिरोरेषा झाकली. मात्रा झाकली, अनुस्वार झाकला. अक्षरांची वरची अर्धी अंगं स्टँडखाली गेली, आणि खालची अर्धी पुढे उघडी राहिली. एक वळण, एक पोट, दोन-तीन दांड्या. नाव म्हणून कुणी वाचलं नसतं. जुन्या नक्षीसारखं दिसत होतं.

"ठीक आहे," उबाळे घाम पुसत म्हणाले. "कुणी विचारलं तर डिझाइन आहे."

मी काकांकडे पाहिलं. काका स्टँडकडे बघत नव्हते. स्टँडच्या पुढच्या जमिनीकडे बघत होते.

समिती आली. पुढे एक उंच बाई, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. मागे तीन पुरुष, त्यांच्यामागे मुख्याधिकारी, त्यांच्यामागे नगरसेवक, त्यांच्यामागे नगरसेवकांची माणसं. सगळे स्टँडपाशी आले. कुणी स्टँडला धरून, कुणी एकमेकांच्या खांद्याला धरून, सगळे बूट, चपला काढायला लागले.

त्या बाईंनी सँडल काढून खणात ठेवली आणि उघडा पाय खाली टेकला. 'व'च्या पोटावर.

काका माझ्याजवळ सरकले. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं देवाचं म्हणतायत. मग ऐकू आलं.

"दोन. चार. सहा. सात..."

"सात कसे?"

"त्यो एकाच पायावर उभा हाय अजून. आठ."

मुख्याधिकारी 'ता'वर उभं राहून खात्याची कामगिरी सांगायला लागले. हलेनात. काकांनी त्यांच्याकडे ज्या मायेनं पाहिलं त्या मायेनं त्यांच्याकडे पूर्वी कुणी पाहिलं नसेल. नगरसेवक आले, त्यांची माणसं आली. दर्शनाला आलेली एक म्हातारी गर्दीत शिरली, तिचे पाय धुळीनं घोट्यापर्यंत भरलेले होते, शेतातून आली असावी. ती 'शे'च्या दांडीवर उभी राहून सावकाश वहाणा काढत होती. काकांनी माझा दंड घट्ट धरला.

मग त्यांनी मोजायचं एकदम थांबवलं.

"इंजिनेर."

"काय?"

"मोजे घातलेले धरायचे का?"

मी बघितलं. समितीतल्या एकाच्या पायात राखाडी मोजे होते, एका अंगठ्याला भोक पडलेलं. मला आधी काहीतरी जोक सुचला. तो काय होता ते आता आठवत नाही.

"एक धरा," मी म्हणालो. "भोकाचा."

काकांनी विचार केला आणि मान हलवली. "एकेचाळीस," ते म्हणाले, आणि पुढे मोजत राहिले.

पुढच्या आठवड्यात मला कारणे दाखवा नोटीस आली. 'आपण दिनांक अमुक रोजी कोणतीही पूर्वपरवानगी न घेता सार्वजनिक ठिकाणी अनधिकृतपणे स्वच्छता केल्याचे निदर्शनास आले आहे.' मी उत्तर दिलं की पुन्हा होणार नाही. ठेकेदारानं मला दुसऱ्या गावाला, दुसऱ्या म्हशीवर पाठवलं. आज मी अशी यंत्रं चालवायला शिकवतो. नव्या मुलांना पहिल्या दिवशी सांगतो की वाटेत कोन दिसला तर आधी विचारा, तो कुणी ठेवलाय. मुलांना वाटतं सुरक्षेचा नियम आहे. मीही तसंच सांगतो.

ग्रुपवरचा तो फोटो मी त्याच दिवशी काढून टाकला. 'आधी'चा माझ्याकडे ठेवला.

सहा महिन्यांनी बापूकाका निवृत्त झाले, तेव्हा मी मुद्दाम गेलो. शाल-नारळ झाल्यावर आम्ही दोघं देवळाकडे चालत आलो. काकांच्या पायात पहिल्यांदाच गमबूट नव्हते, साध्या चपला होत्या. स्टँड तिथंच होता. तो परत जागेवर ठेवायचा प्रस्ताव विचाराधीन होता.

स्टँडच्या पुढे मी वाकून बघितलं. काही दिसेना. वळण नाही, पोट नाही, दांडी नाही. एवढी शुभ्र अक्षरं, सहा महिन्यांत आजूबाजूच्या फरशीइतकीच काळी झाली होती. हात लावून पाहिला. बोटाला जाड, मऊ धूळ लागली.

"गेलं की हो सगळं," मी म्हणालो. "काका, म्हैस इथंच आहे, मला किल्ली देतील. परत एकदा पाणी मारून देतो. पाच मिनिटांचं काम."

"हात लावू नको," बापूकाका म्हणाले. "आत्ता कुठं बसलीय."

त्यांनी स्टँडला धरून चपला काढल्या, खणात ठेवल्या आणि दर्शनाला गेले.